रणगाड्यांच्या वाटेवरील अडसर

रणगाड्याचे सामर्थ्य सर्वांच्या परिचयाचे आहे. चाळीस-पन्नास टनांचे ते पोलादी धूड शेते, ओढे आणि कुंपणे तुडवीत पुढे येऊ लागले, की समोरच्या खंदकात बसलेल्या पायदळाच्या शिपायाला पायाखालची भूमी हादरत असल्याचा प्रत्यय येतो. त्याला रोखण्याच्या साधनांचा विचार करू लागताच तोफा, अग्निबाण आणि विमाने यांचीच आठवण प्रथम होते. परंतु रणगाड्याला अडविणारी साधनांची आणखी एक जात आहे. ही साधने जागची हलत नाहीत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांतून गोळीही सुटत नाही. शेतात खणलेला रुंद चर, रस्त्यावर आडवा पाडलेला वृक्ष, काँक्रीटचे ओबडधोबड दात, पोलादी तुळयांची तिकटी आणि मातीखाली पुरलेला सुरुंग ही त्यांतील मुख्य होत. या स्थिर अडसरांचे काम कोणत्या तत्त्वावर चालते आणि त्यांच्यावर विसंबून राहिलेल्यांना कोणता अनुभव आला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वस्तुतः कल्पना जुनीच आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे आठवत असतील. धडक देऊन दार फोडू पाहणाऱ्या हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ते मुद्दाम बसविलेले आहेत. सह्याद्रीतील कित्येक किल्ल्यांचे महाद्वार सरळ समोर न ठेवता दोन बुरुजांच्या कवेत, वळणावर दडविलेले असते. त्यामुळे हत्तीला धाव घेण्यास जागा मिळत नाही आणि वळणावर थबकलेल्या शत्रूवर दोन्ही बुरुजांवरून मारा करता येतो. थबकविणे आणि थबकलेल्यावर मारा करणे, या दोन क्रिया तेथे एकमेकींना जोडलेल्या आहेत. ही जोडी ध्यानात ठेवावी. कारण पुढील साऱ्या विवेचनाचा गाभा तोच आहे.

गमतीची गोष्ट अशी, की रणगाड्याचा जन्मच मुळी अडसर ओलांडण्यासाठी झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर काटेरी तारा आणि खंदक यांनी दोन्ही सैन्ये जागच्या जागी खिळवून टाकली होती. ती कोंडी फोडण्यासाठी इंग्रजांनी १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणक्षेत्रावर प्रथमच रणगाडे आणले. सुमारे २८ टन वजनाची ही वाहने ताशी चार मैलांचाही वेग गाठू शकत नव्हती. तरी तारा चिरडून खंदक ओलांडण्याची किमया त्यांना साधली होती. जर्मनांनी आपले खंदक अधिक रुंद खणले. त्यावर नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत इंग्रजांनी रणगाड्यांच्या माथ्यावर काटक्यांचे साखळदंडांनी आवळलेले प्रचंड भारे लादून नेले आणि ते खंदकात ढकलून त्यांवरून रणगाडे पार केले. पुढे १९१८ मध्ये त्यांनी रणगाड्याची लांबीच सहा फुटांनी वाढविली. एकाने खड्डा रुंदवावा आणि दुसऱ्याने गाडी लांबवावी, ही चढाओढ तेव्हा जी सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही.

खड्ड्याच्या रुंदीशी गाडीच्या लांबीचा संबंध काय, असा प्रश्न येथे पडेल. उत्तर सोपे आहे. रणगाडा चराच्या काठावरून पुढे सरकू लागला, की त्याचे नाक काही काळ अधांतरी राहते. त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर सारा भार तोलला जातो तो बिंदू, जोवर अलीकडच्या काठाच्या मागे आहे तोवर तो कलंडत नाही. गुरुत्वमध्य काठ ओलांडण्यापूर्वी नाक पलीकडच्या काठाला टेकले, तर रणगाडा सुखरूप पार होतो. न टेकले तर तोंडावर आपटतो. गुरुत्वमध्य साधारणपणे गाडीच्या मध्याच्या आसपास असल्यामुळे, आपल्या लांबीच्या निम्म्याहून अधिक रुंदीचा चर रणगाड्याला सहसा पेलत नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शर्मन रणगाडा साडेसात फुटांचा चर ओलांडी. अर्थात बारा-पंधरा फुटांचा चर त्याला पुरेसा होता.

रणगाड्याची दुसरी मर्यादा उंचीची आहे. त्याच्या पुढल्या पट्ट्याला समोरच्या उभ्या भिंतीची कड पकडता आली तरच तो चढू शकतो. शर्मनला दोन फुटांची, तर पुढील काळातील पॅटनला तीन फुटांची पायरी चढता येई. त्याहून उंच भिंतीपुढे त्याचे पट्टे नुसतेच फिरत राहतात. म्हणूनच चर खणताना आपल्या बाजूची भिंत उभी तासतात आणि निघालेली माती त्याच काठावर बांधासारखी रचतात. खोली आणि उंची अशा रीतीने एकाच श्रमात साधतात. शिवाय बांध चढू पाहणाऱ्या रणगाड्याची तोफ आकाशाकडे वळते आणि ज्या ठिकाणी चिलखत सर्वांत पातळ असते ते त्याचे पोट समोरच्या तोफेपुढे उघडे पडते.

हे पोट हीच तिसरी मर्यादा. दोन पट्ट्यांच्या मध्ये एखादा भक्कम खुंट येऊन गाडीचे पोट त्यावर टेकले, की पट्टे जमिनीपासून सुटतात आणि शेकडो अश्वशक्तीचे यंत्र पालथ्या पडलेल्या कासवाइतके असाहाय्य होते. चौथी मर्यादा भूमीची. रुंद पट्ट्यांमुळे रणगाड्याचा भार जमिनीवर पसरतो हे खरे, तथापि भिजलेली काळी माती, भातखाचर किंवा भुसभुशीत वाळू त्याला गिळल्यावाचून राहत नाही. जगातील झाडून सारे रणगाडारोधक अडसर या चार मर्यादांपैकी एकीचा किंवा अनेकींचा लाभ घेतात. सुरुंगाची गोष्ट तेवढी वेगळी. तो पट्टाच तोडतो.

या अडसरांमध्ये पोलादी तिकट्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आपल्याकडे माळरानात सराट्याचे काटे असतात. सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर राहतोच. हेच तत्त्व वापरून चेकोस्लोव्हाकियाने १९३० नंतरच्या दशकात आपल्या सीमेवर तीन पोलादी तुळया मधोमध एकमेकींना जखडून हजारो तिकटी उभी केली. रणगाड्याने ढकलले तर ते गडगडते आणि गडगडताना त्याच्याच पोटाखाली शिरून त्याला वर उचलते. सोव्हिएत रशियाचे मेजर जनरल मिखाईल गोरिक्कर यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात कीव्ह येथे प्रयोग करून त्यात सुधारणा केली. तिकटे फार उंच केले तर रणगाडा ते नुसते लोटीत नेतो. म्हणून त्याची उंची रणगाड्याच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेहून थोडी अधिक, तीन फुटांच्या आतबाहेर असावी, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मॉस्कोच्या रस्त्यांवर अशी तिकटी रचली गेली आणि शहराबाहेर हजारो स्त्रिया व विद्यार्थी यांनी गारठलेल्या मातीत चर खणले. खिमकी येथे १९६६ मध्ये उभारलेले तीन महाकाय पोलादी तिकट्यांचे स्मारक त्याची साक्ष देते.

चेक तिकट्यांचे मात्र वेगळेच झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये म्यूनिच येथे चार सत्तांनी चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश हिटलरला देऊन टाकला. एकही गोळी न झाडता ती सारी तटबंदी जर्मनांच्या हाती पडली. त्यांनी तिकटी उपटली आणि पुढे फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, समुद्रातून येणाऱ्या दोस्त सैन्याला अडविण्यासाठी नेऊन रोवली. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य ओहोटीच्या वेळी उतरले ते या अडसरांमुळेच. भरतीच्या पाण्याखाली ते दिसले नसते. ओहोटीत ते उघडे पडत, मात्र सैनिकांना तेवढा अधिक वाळवंट गोळ्यांच्या वर्षावात ओलांडावा लागे. अडसर फोडण्यासाठी पुढे धाडलेल्या अभियंता पथकांची ओमाहा किनाऱ्यावर फार मोठी हानी झाली.

किनारा जिंकल्यावर दोस्तांच्या रणगाड्यांना निराळाच अडसर भेटला. नॉर्मंडीच्या शेतांचे बांध शतकानुशतकांच्या माती-मुळांनी घट्ट झालेले होते. बांध चढावा तर पोट उघडे पडे. कर्टिस क्युलिन या अमेरिकन सार्जंटने रणगाड्याच्या नाकाशी पोलादी दाते जोडण्याची युक्ती प्रचारात आणली. हे दाते बांधात रुतत, त्यामुळे रणगाडा वर न चढता बांध फोडून आरपार जाई. असे शेकडो दाते तयार करावयास पोलाद कोठले आणावे? ते किनाऱ्यावर जर्मनांनी रोवलेल्या अडसरांतूनच कापून घेण्यात आले. रणगाडे अडविण्यासाठी ओतलेले पोलाद अखेर रणगाड्यांची वाट मोकळी करण्याच्या कामी आले! अडसराला स्वतःची निष्ठा नसते, एवढे या कथेवरून समजावे.

जर्मनीच्या पश्चिम सीमेवरील तटबंदीची कथा याहून बोलकी आहे. सहाशे किलोमीटरांहून लांब अशा या रेषेवर, मुख्यतः १९३८ ते १९४० या काळात, काँक्रीटच्या सुळक्यांच्या चार-पाच रांगा डोंगर-दऱ्यांतून बांधून काढल्या होत्या. पुढची रांग ठेंगणी आणि मागची क्रमाने उंच, अशी ती रचना. पुढल्या दातावर चढलेला रणगाडा मागल्यावर अडकावा हा हेतू. दोस्तांच्या शिपायांनी त्यांना ड्रॅगन राक्षसाचे दात म्हटले. परंतु सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकन रणगाडे आखेनच्या दक्षिणेस या रेषेशी पोहोचले, तेव्हा तेथील पुष्कळशा तोफा आणि काटेरी तारा काढून अटलांटिक किनाऱ्याकडे नेलेल्या होत्या. एका ठिकाणी तर शेतकऱ्यांनी जाण्यायेण्याच्या सोयीसाठी दातांमधील फटी दगडमातीने बुजवून चक्क वाट करून ठेवली होती, आणि त्याच वाटेने रणगाडे पलीकडे गेले. जवळच्याच ह्यूर्टगेनच्या अरण्यात मात्र वृक्ष, सुरुंग आणि तटबंदी यांच्या आड जर्मन सैनिक ठाण मांडून बसले होते. तेथे अमेरिकनांना महिनेच्या महिने झुंजावे लागले. तटबंदी तीच, फरक होता तो तिच्यामागे बसलेल्या माणसांचा.

ज्यावर कोणाचा डोळा नाही आणि कोणाची तोफ रोखलेली नाही, तो अडसर अडसरच नव्हे, असा युद्धशास्त्राचा दंडक या अनुभवांतूनच तयार झाला आहे. पहाऱ्याविना असलेला चर काही तासांत बुजविता येतो, सुरुंग उकरून काढता येतात, दातांवर माती लोटता येते. त्यावर मारा चालू असेल तर मात्र तेच काम जिवावरचे होते.

ते किती जिवावरचे असते याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. १९४८ च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्य जम्मूतील नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले होते. डोंगर पोखरून वळणे घेत जाणारा रस्ता शत्रूने ठिकठिकाणी रोखला होता. पाईनचे वृक्ष आडवे पाडले होते, मोऱ्या उडविल्या होत्या, सुरुंग पेरले होते आणि या सर्वांवर यंत्रतोफा रोखून ठेवल्या होत्या. रणगाडे पुढे गेल्याशिवाय राजौरी हाती येणार नव्हती आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे पुढे जाणार नव्हते. ही कामगिरी बॉम्बे इंजिनिअर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्याकडे आली. कारवारकडील हा तरुण अधिकारी ८ एप्रिलला कामास हात घालणार, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. पथकातील दोघे जागीच ठार झाले. जखमी झालेल्या पाचांत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेल्या माणसांची जुळवाजुळव केली आणि काम सुरू केले. त्या रात्री दहापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून ते रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करीत राहिले. पुढे निघाल्यावर अर्ध्या मैलावर पाईनचे पहिले आडोसे लागले. ते त्यांनी स्फोटके लावून उडविले. सुमारे तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. सायंकाळी पाच मोठ्या वृक्षांचा, भोवती सुरुंग पेरलेला आणि यंत्रतोफांच्या कक्षेत असलेला अडसर आडवा आला. १० एप्रिलच्या पहाटे, उजाडण्यापूर्वीच त्यांनी तो हाती घेतला आणि साडेसहाच्या सुमारास मोकळा केला. त्यापुढील हजार यार्ड म्हणजे अडसरांची माळच होती. दुपारी रणगाडे चिंगसला पोहोचले. राणे मात्र मागील रसदेच्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत, अन्न वा विश्रांती न घेता, रस्ता मोकळा करीत होते. दुसऱ्या दिवशीही त्यांचे काम थांबले नाही. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली. राणे यांना परमवीर चक्र देण्यात आले.

या प्रसंगाकडे शत्रूच्या बाजूनेही पाहण्यासारखे आहे. त्याने रचलेले अडसर कच्चे नव्हते. त्यांनी बलवान सैन्याला तीन दिवस रखडविले. अडसराचे काम हे एवढेच. तो शत्रूला कायमचा अडवीत नाही. तो वेळ मिळवून देतो. त्या वेळेत रक्षणकर्ता काय करतो यावर निकाल ठरतो.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ आसल उत्तर येथे आपल्या सैन्याने मिळालेल्या वेळेचे सोने केले. पंचेचाळीस टनांहून अधिक वजनाचे पाकिस्तानी पॅटन रणगाडे मोठ्या संख्येने चाल करून आले होते. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या डोंगरी डिव्हिजनने मागे सरून घोड्याच्या नालेच्या आकाराचा व्यूह रचला, सुरुंग पेरले आणि कालव्यांचे पाट फोडून शेते पाण्याखाली आणली. रणगाडे चिखलात रुतले किंवा सुक्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यांतून एकेक करून पुढे आले, आणि त्या पट्ट्यांवर उसाच्या उभ्या पिकात दडलेले आपले सेंच्युरियन रणगाडे व जीपवर चढविलेल्या तोफा नेम धरून होत्या. चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद अशाच एका तोफेवर लढताना धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. शत्रूचे शंभराच्या जवळपास रणगाडे तेथे निकामी झाले वा हाती आले. पाणी आणि चिखल यांनी रणगाडे मारले नाहीत. त्यांनी रणगाड्यांना तोफांच्या पुढे आणून उभे केले.

अडसर कधी कधी नुसत्या नावानेही काम करतो. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला येथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची एक कंपनी ठाण मांडून होती. ४ डिसेंबरच्या रात्री चाल करून आलेल्या पाकिस्तानी सैन्याला ठाण्याभोवती काटेरी तारेचे कुंपण आढळले. तार आहे तेथे सुरुंगांचे क्षेत्र असणारच, या समजुतीने ते थांबले आणि सुरुंग शोधण्यात बहुमोल वेळ गेला. तेथे तसे सुरुंगक्षेत्र नव्हतेच. पहाट झाली आणि भारतीय हंटर विमानांनी वाळूत उघडे पडलेले रणगाडे टिपण्यास आरंभ केला.

सुरुंगाचा उल्लेख झाला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या अंगाचाही विचार करावयास हवा. रणगाडारोधक सुरुंग माणसाच्या पावलाने सहसा फुटत नाही. शेकडो किलोंचा भार पडला तरच त्याचा स्फोट होतो. परंतु भरलेला ट्रॅक्टर आणि रणगाडा यांतील भेद त्याला कळत नाही. तह झाल्याची वार्ताही त्याच्या कानी जात नाही. २००१-०२ मध्ये भारत-पाक सीमेवर सैन्ये समोरासमोर उभी ठाकली, तेव्हा पंजाब, राजस्थान आणि जम्मूतील शेतांत सुरुंग पेरण्यात आले. युद्ध झाले नाही. तथापि सुरुंग काढेपर्यंत शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीकडे दुरून पाहत राहावे लागले, आणि ते पेरताना व काढताना जवानांचे बळी गेले. चर बुजतो, काँक्रीटच्या दातांवर शेवाळ चढते. पुरलेला सुरुंग मात्र वर्षानुवर्षे जागा राहतो. ज्याच्या शेतात तो आहे त्याच्या लेखी युद्ध संपलेलेच नसते.

क्षेपणास्त्रांच्या युगात चर आणि काँक्रीटचे दात कालबाह्य झाले असावेत, असे अनेकांना वाटत होते. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या झापोरिझिया भागात हा समज खोटा ठरला. रशियन सैन्याने तेथे सुरुंग, चर आणि काँक्रीटचे दात एकामागून एक रचून ठेवले होते, त्यांच्यावर तोफखाना रोखला होता, आणि टेहळणीला चालकरहित विमाने आकाशात घिरट्या घालीत होती. युक्रेनच्या चढाईतील पाश्चात्त्य बनावटीचे रणगाडेही सुरुंगक्षेत्रात अडकले आणि त्या वर्षी ती चढाई समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचू शकली नाही. पहारेकऱ्याचा डोळा बुरुजावरून आकाशात गेला, एवढाच काय तो पालट. दंडक जुनाच राहिला.

भिंत बांधली की आपण सुरक्षित झालो, असे मानण्याकडे मनुष्याच्या मनाचा कल असतो. अडसरांचा इतिहास या समजुतीला वारंवार धक्का देतो. चेकोस्लोव्हाकियाच्या तिकट्यांत पोलाद कमी नव्हते, आखेनच्या दातांत काँक्रीट कमी नव्हते. उणीव होती ती त्यांच्यामागे उभे राहणाऱ्यांची. याउलट आसल उत्तरच्या शेतांत होते ते केवळ पाटाचे पाणी, पाण्याशेजारचा ऊस आणि त्या उसात श्वास रोखून बसलेली माणसे. शनिवारवाड्याच्या दरवाजावरील खिळ्यांनाही हेच सांगावयाचे आहे. हत्ती त्या खिळ्यांपाशी क्षणभर थबकत असेल. त्या क्षणाचा उपयोग करावयाचा तो वरच्या सज्जात जाग्या असलेल्या पहारेकऱ्याने.